विश्लेषण : ४८ व्या वर्षी हाती कॅमेरा, पहिलाच फोटो हाताने पुसला! ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्याकडून नवख्यांनी काय शिकावे?

मोबाइलमधला पोर्ट्रेट मोड सुरू केला, की चेहरा उठून दिसतो आणि मागची भिंत, दोरीवरचे कपडे, रस्त्यावरची वर्दळ धूसर होते. या धूसरपणासाठी आज लोक जास्तीचे पैसे मोजून फोन घेतात. सुमारे १६० वर्षांपूर्वी मात्र फोटोतल्या धूसरपणावरूनच लंडनच्या छायाचित्रकारांनी एका बाईंची यथेच्छ टिंगल केली होती. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन हे त्यांचे नाव. आडनावाचा आणि कॅमेऱ्याचा काहीही संबंध नाही, ते नवऱ्याकडून आलेले स्कॉटिश आडनाव. जन्म कोलकात्याचा, कॅमेरा मिळाला तेव्हा वय ४८ आणि छायाचित्रणाचे रीतसर शिक्षण नाही. तरीही त्यांनी टिपलेले चेहरे आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. नवख्या माणसाचा हात सुधारतो म्हणजे नेमके काय होते, हे त्यांच्या पहिल्या तीन-चार वर्षांच्या कामातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल.

कोण होत्या ज्युलिया कॅमेरॉन?

११ जून १८१५ रोजी कोलकात्यात त्यांचा जन्म झाला. वडील जेम्स पॅटल ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी, आई फ्रेंच वंशाची. शिक्षण बरेचसे फ्रान्समध्ये झाले. पॅटल बहिणी त्या काळच्या कोलकात्यात सौंदर्यासाठी प्रसिद्ध होत्या. ज्युलिया यांची गणना मात्र सुंदर बहिणींत होत नसे. पुढे आयुष्यभर त्यांनी सौंदर्याचा जो पाठलाग केला, त्याचे मूळ इथे शोधण्याचा मोह चरित्रकारांना होतो. तो मोह बाजूला ठेवलेला बरा.

१८३६ मध्ये प्रकृती सुधारण्यासाठी त्या दक्षिण आफ्रिकेतील केप येथे गेल्या असताना दोन माणसे भेटली. एक चार्ल्स हे कॅमेरॉन, वयाने २० वर्षांनी मोठे कायदेतज्ज्ञ. मेकॉलेसोबत भारताच्या पहिल्या विधी आयोगावर त्यांनी काम केले. भारतीय दंड संहितेचा मसुदा याच आयोगाने तयार केला होता. १८३८ मध्ये कोलकात्यात दोघांचे लग्न झाले. दुसरे सर जॉन हर्शेल, दक्षिण गोलार्धातील आकाशाचा वेध घेण्यासाठी केपला आलेले खगोलशास्त्रज्ञ. छायाचित्र कायम टिकवण्यासाठी वापरले जाणारे हायपो हे रसायन हर्शेल यांनीच पुढे आणले. निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह हे शब्द रूढ करण्यातही त्यांचाच वाटा. या नव्या शोधाची माहिती ते पत्रांतून ज्युलिया यांना कळवत आणि १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी काही नमुनेही कोलकात्याला पाठवले. म्हणजे प्रत्यक्ष कॅमेरा हाती येण्याच्या तब्बल २० वर्षे आधी ज्युलिया छायाचित्रे पाहत होत्या, त्यांच्याविषयी वाचत होत्या.

चार्ल्स निवृत्त झाल्यावर १८४८ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेले. तिथे बहिणीच्या घरी कवी, चित्रकार, शास्त्रज्ञांचा अड्डा भरत असे. १८६० मध्ये कॅमेरॉन कुटुंबाने आइल ऑफ वाइट या बेटावरच्या फ्रेशवॉटर गावात घर घेतले. शेजारी राहायला साक्षात कवी टेनिसन. घराला नाव दिले डिम्बोला, सिलोनमधल्या म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या आपल्या कॉफीच्या मळ्यावरून.

कॅमेरा कसा मिळाला?

१८६३ च्या डिसेंबरमध्ये चार्ल्स मळ्यांच्या कामासाठी सिलोनला होते. मुलीचे लग्न झालेले, मुले हाताबाहेर गेलेली नसली तरी मोठी झालेली. आईला एकटे वाटू नये म्हणून मुलीने आणि जावयाने एक कॅमेरा भेट दिला. हा कॅमेरा म्हणजे पुढे-मागे सरकणारी एक मोठी लाकडी पेटी. तीत बसणारी काचही एखाद्या मोठ्या वहीच्या पानाएवढी.

ज्युलिया अगदीच कोऱ्या होत्या, असे मात्र नाही. त्याआधी त्यांनी नातेवाइकांसाठी फोटोंचे अल्बम जमवले होते. ऑस्कर रेलँडर हे नावाजलेले छायाचित्रकार बेटावर येऊन गेले होते आणि त्यांच्या निगेटिव्हवरून प्रिंट काढण्याचे प्रयोगही ज्युलिया यांनी केले होते. स्वतः कॅमेरा लावून, काच तयार करून, चेहरा टिपून, धुऊन चित्र काढण्याचा अनुभव मात्र शून्य होता.

त्यांनी कोळशाच्या खोलीची डार्करूम केली. कोंबड्यांचे काचेचे खुराडे रिकामे करून त्याचा स्टुडिओ केला. कोंबड्यांना सोडून दिले, कापल्या नाहीत, हे त्यांनी पुढे आवर्जून नमूद केले आहे.

पहिला प्रयत्न गावातल्या एका धिप्पाड शेतकऱ्यावर. त्याला तासाला अर्धा क्राउन देऊन बसवले. फोटो मिळाला आणि आनंदाच्या भरात त्यांनी ओल्या काचेच्या नेमक्या चित्राच्या बाजूवरून हात फिरवला. चित्र पुसले गेले. असे कित्येक दिवस गेले. मग जानेवारी १८६४ च्या अखेरीस ॲनी फिलपॉट ही लहान मुलगी कॅमेऱ्यापुढे बसली. साधा कोट, विस्कटलेले केस, नजर बाजूला. हे चित्र जमले. ज्युलिया यांना इतका आनंद झाला, की भेट म्हणून काहीतरी द्यावे यासाठी त्या घरभर खेळणी शोधत फिरल्या. त्याच दिवशी त्यांनी काच धुतली, प्रिंट काढली, ती टिकाऊ केली, चौकट लावली आणि संध्याकाळपर्यंत मुलीच्या वडिलांना देऊनही टाकली. चित्राखाली त्यांनी ते आपले पहिले यश असल्याचे लिहून ठेवले.

सुरुवातीलाच काहीतरी पूर्ण करून दुसऱ्याच्या हातात देणे ही साधी वाटणारी गोष्ट आहे. फोनमध्ये १२ हजार फोटो पडून असतात आणि त्यातला एकही कुणाला छापून दिलेला नसतो. दिला, की आपलेच लक्ष नको तिथे जाऊ लागते: कान कापला गेलाय, डोळ्यांखाली काळी सावली पडलीय, मागे बादली दिसतेय. ज्युलिया यांना ही शिस्त पहिल्याच महिन्यात लागली.

तेव्हा एक फोटो काढायला किती खटाटोप?

आजच्या वाचकाला हे कळल्याशिवाय त्यांची जिद्द कळणार नाही. त्या काळच्या पद्धतीला वेट कोलोडियन म्हणत. काच स्वच्छ घासायची. तिच्यावर कोलोडियन नावाचे चिकट द्रावण एकसारखे ओतायचे; थोडे जाड-पातळ झाले तर चित्रावर पट्टे उमटतात. मग अंधाऱ्या खोलीत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, झाकण काढून प्रकाश द्यायचा आणि वाळण्याआधी परत अंधारात नेऊन धुवायची. हे सगळे थोडक्या मिनिटांत उरकायचे. काचेवर एक केस, एक धुळीचा कण, एक बोट लागले की ते कायमचे. शेवटी अल्ब्युमेन म्हणजे अंड्याचा पांढरा बलक लावलेल्या कागदावर काच ठेवून उन्हात प्रिंट काढायची. धुण्यासाठी पाणी विहिरीवरून. चित्र पक्के करायला पोटॅशियम सायनाइड. सिल्व्हर नायट्रेटने बोटे, कपडे आणि घरातली टेबलावरची कापडे काळी पडत.

समोर बसणाऱ्याचेही हाल होते. कित्येकदा काही मिनिटे हलायचे नाही. इतर छायाचित्रकार मान स्थिर राहावी म्हणून मागे लोखंडी आधार लावत. त्याने माणूस खांबाला बांधल्यासारखा दिसे. ज्युलिया यांच्या चित्रांतली माणसे मात्र श्वास घेताना दिसतात, थोडी हललेली दिसतात. मुलांच्या चित्रांत तर कधी पाय, कधी हात धुरासारखा झाला आहे.

धूसरपणा चूक होती की निवड?

याच प्रश्नावर त्यांच्या हयातीत वाद झाला आणि अजूनही अधूनमधून होतो. तांत्रिक बाजू आधी पाहू. त्यांच्या पहिल्या फ्रेंच बनावटीच्या लेन्सचे तोंड मोठे होते. लेन्सचे तोंड जितके मोठे आणि माणूस जितका जवळ, तितकी स्पष्ट दिसणारी पट्टी अरुंद. नाकाचा शेंडा स्पष्ट झाला तर कान धूसर आणि डोळे स्पष्ट झाले तर केस धूसर. मोठ्या कॅमेऱ्यात आजही हेच होते. फोनची लेन्स आणि आतला सेन्सर चिमुकला असल्याने त्यात सगळेच स्पष्ट येते. म्हणून पोर्ट्रेट मोडमध्ये फोन अंतराचा अंदाज बांधून मागचा भाग गणिताने धूसर करतो. केसांच्या कडा, चष्म्याची काडी, कानातले डूल इथे तो चुकतो, ते यामुळेच.

ज्युलिया यांची सुरुवात अपघाताने झाली, हे त्यांनी १८७४ मध्ये लिहायला घेतलेल्या आणि अर्धवट राहिलेल्या आत्मकथनात मान्य केले आहे. काचेवर प्रतिमा जुळवताना एका जागी ती त्यांना सुंदर वाटली आणि त्या तिथेच थांबल्या. सगळे जण करतात तशी लेन्स आणखी फिरवून ती काटेकोर स्पष्ट केली नाही. म्हणजे पहिली पायरी अज्ञानाची असेल, पण दुसरी पायरी थांबण्याची होती. थांबायचे कुठे हे त्यांनी ठरवले.

निवड की चूक हे ओळखण्याचा एक मार्ग म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहणे. १८६६ च्या सुमारास त्यांनी आणखी मोठा, १५ बाय १२ इंची काचेचा कॅमेरा घेतला. नवे सामान घेऊन चित्रे अधिक स्पष्ट करण्याची संधी होती. त्यांनी काय केले? त्या माणसाच्या आणखी जवळ गेल्या. चेहरे जवळजवळ प्रत्यक्षाएवढे मोठे झाले. धूसरपणा राहिला, पण तो चुकून कुठेही पडलेला नव्हता. एका डोळ्यापाशी किंवा कपाळापाशी चित्र घट्ट असते आणि तिथून बाजूला विरत जाते. हर्शेल, कार्लाईल, पुतणीवजा भाची ज्युलिया जॅक्सन, यांच्या १८६७ मधल्या चित्रांत हे स्पष्ट दिसते.

अर्थात, त्यांच्या सगळ्याच चित्रांचा बचाव करता येत नाही. काचेवरचे ओरखडे, सुटलेले कोलोडियन, बोटांचे ठसे, धुताना राहिलेले डाग अनेक ठिकाणी आहेत. यातले काही त्यांनी चित्र चांगले आहे म्हणून चालवून घेतले, तर काही निव्वळ घाईमुळे आले. पुढे त्यांच्या काही काचांना तडे जाऊन थर जाळीसारखा फुटू लागला, तेव्हा त्या १८६९ मध्ये स्वतः लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या बैठकीत मदत मागायला गेल्या. ज्या मंडळींनी त्यांची खिल्ली उडवली होती, त्यांच्याकडेच. तंत्राची पर्वा नसलेली लहरी बाई अशी त्यांची प्रतिमा रंगवली जाते, तिच्यात ही बैठक बसत नाही.

टीकाकारांचे म्हणणे काय होते?

कॅमेरा मिळाल्यापासून वर्षाच्या आत त्या सोसायटीच्या सदस्य झाल्या आणि त्यांची चित्रे प्रदर्शनात लागली. सोसायटीच्या मुखपत्राने १८६५ मध्ये त्यांच्यावर कडक टीका केली. छायाचित्रणाचे जे गुण असतात तेच त्यांच्यात नाहीत आणि जे दोष असतात ते ठळक आहेत, असा सूर होता. लहान मुलांची सुरेख चित्रे काढणारे आणि ॲलिसच्या कथेमुळे प्रसिद्ध झालेले लुईस कॅरोल यांनाही ती चित्रे फारशी रुचली नाहीत. या टीकेत तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. छायाचित्रण तेव्हा अवघे २५ वर्षांचे होते. पानाची शीर न् शीर दाखवणे, हेच त्याचे मोठेपण मानले जात होते. ते सोडून द्यायचे तर उरले काय, हा प्रश्न रास्त होता.

चित्रकारांची बाजू मात्र वेगळी होती. जी. एफ. वॉट्स यांच्यासारखे चित्रकार त्यांना प्रोत्साहन देत होते. बर्लिनच्या प्रदर्शनात १८६६ मध्ये त्यांना सुवर्णपदक मिळाले. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमने, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने, १८६५ मध्येच त्यांची ८० छायाचित्रे विकत घेतली. कॅमेरा हाती येऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. १८६८ मध्ये त्याच म्युझियमने त्यांना स्टुडिओसाठी दोन खोल्या दिल्या.

त्या प्रत्येक महत्त्वाच्या चित्राची स्वामित्व हक्काखाली नोंद करत. १८६४ ते १८७५ या काळात अशा ५०० च्या वर नोंदी झाल्या. यामागे हौस नव्हती, व्यवहार होता. सिलोनच्या कॉफीचे उत्पन्न बेभरवशाचे झाले होते. लंडनच्या कोलनागी या चित्रविक्रेत्यांमार्फत प्रिंट विकून घरखर्चाला हातभार लागेल, ही त्यांची आशा होती. ती फारशी पुरी झाली नाही. रसायने, काचा आणि मित्रांना भेट दिलेल्या अल्बमांवरच बराच पैसा गेला.

त्यांचा प्रकाश कुठून यायचा?

चित्रे नीट पाहिली, की उत्तर सापडते: बहुतेक वेळा एकाच बाजूने. खुराड्याच्या काचेला पडदे लावून त्या नको तो उजेड अडवत. त्यामुळे चेहऱ्याची एक बाजू उजळते आणि दुसरी अंधारात जाते. ज्युलिया जॅक्सन यांच्या प्रसिद्ध चित्रात चेहरा बरोबर मध्यात विभागला आहे. मानेची शीर आणि गालाचे हाड उजेडात, बाकी सावली. मागे काही नाही. मागे काही नसणे हाही त्यांचा हुकमी उपाय होता: एक गडद कापड, कधी अंगावर काळी शाल, म्हणजे कपड्यांवरून माणसाची ऐपत कळू नये.

१८६७ च्या वसंतात त्या हर्शेल यांच्या केंटमधल्या घरी सगळे सामान घेऊन गेल्या. हर्शेल तेव्हा ७५ वर्षांचे. त्यांचे पांढरे केस धुऊन, विस्कटून घ्यायला लावले, जेणेकरून उजेड त्या केसांत अडकेल. अंगावर गडद वस्त्र गुंडाळले. चित्रात काळोखातून फक्त चेहरा आणि ते केस बाहेर येतात. आयुष्यभर तारे पाहिलेल्या माणसाचे याहून चांगले चित्र क्वचितच असेल.

हे घरात करून पाहायला एक खिडकी पुरते. दुपारी ऊन थेट आत येत नसेल अशी खिडकी निवडावी. घरातले सगळे दिवे बंद करावेत, कारण बल्बचा पिवळा आणि खिडकीचा निळसर उजेड एकत्र आला की फोन गोंधळतो आणि त्वचेचा रंग बिघडतो. माणसाला खिडकीच्या बाजूला, तोंड खिडकीला काटकोनात ठेवून बसवावे. मग तोंड हळूहळू खिडकीकडे वळवायला सांगून सावली कशी सरकते ते आधी नुसत्या डोळ्यांनी पाहावे. स्क्रीनवर उजेडातल्या डोळ्यावर बोट टेकवावे. अनेक फोनमध्ये बोट दाबून धरले की फोकस आणि उजेड तिथेच पक्का होतो. मग सूर्याचे चिन्ह किंवा पट्टी थोडी खाली ओढावी. फोनला सावल्या आवडत नाहीत. तो आपणहून अंधार उजळवतो आणि चेहरा सपाट करतो. उजेड कमी केला की सावली परत येते. फ्लॅश बंद. आणि फोन अगदी तोंडाजवळ नेण्याऐवजी दोन पावले मागे जाऊन, फोनला दुसरी लेन्स असेल तर २ किंवा ३ एक्स वापरावे. जवळून रुंद लेन्सने नाक मोठे आणि कान लहान दिसतात. लेन्स आधी सुती कापडाने पुसावी, हे सांगायला नको. पण खिशातल्या फोनवरचे तेलकट बोट हा आजचा सर्वात सामान्य धूसरपणा आहे आणि तो कुणाची निवड नसतो.

समोर कोण बसत असे?

टेनिसन, डार्विन, कार्लाईल, लाँगफेलो ही नावे मोठी. डार्विन कुटुंब १८६८ च्या उन्हाळ्यात फ्रेशवॉटरला कॅमेरॉन यांच्याच भाड्याच्या घरात राहिले. तेव्हा काढलेले चित्र डार्विन यांना आपल्या इतर सगळ्या छायाचित्रांहून अधिक आवडले. अमेरिकी कवी लाँगफेलो यांना टेनिसन यांनी स्वतः आणून ज्युलिया यांच्या हवाली केले आणि त्या सांगतील ते मुकाट्याने करण्याचा सल्ला दिला, असे सांगतात.

पण त्यांचा हात बसला तो या बड्या लोकांवर नाही. तो बसला घरातल्या आणि गावातल्या माणसांवर. घरकाम करणारी मेरी हिलियर हिला त्यांनी इतक्या वेळा मेरीमातेच्या रूपात बसवले, की गावात तिची ओळखच तशी झाली. भाच्या, शेजाऱ्यांची मुले, घरी आलेले पाहुणे, वाटेवरून जाणारे कुणीही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. पाहुणे काचगृहाकडे बोलावणे आले की दचकत. पांढऱ्या दाढीचे यजमान चार्ल्स यांना जादूगार मर्लिन व्हावे लागले आणि सांगतात की ते मधेच हसत सुटत, त्यामुळे काचा वाया जात. तोच चेहरा, तीच खिडकी, पुन्हा पुन्हा. नवख्या माणसाला नवी ठिकाणे शोधत फिरण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. चेहरा तोच राहिला, की फोटोतला फरक उजेडाचा आणि आपल्या निर्णयाचा असतो, हे कळते.

इथे एक अडचणीची बाजूही आहे. लॉर्ड लोक नाही म्हणू शकत होते. मोलकरणीला नाही म्हणणे किती शक्य होते? तासन्तास स्थिर बसणे हे तिच्या कामाचाच भाग झाले होते. मेरी रायन हिची गोष्ट यातून थोडी वेगळी निघाली. आईबरोबर भीक मागत असलेली ही आयरिश मुलगी ज्युलिया यांनी घरी आणून वाढवली, शिकवली आणि कामालाही ठेवली. १८६५ मध्ये कोलनागी यांच्या दालनातल्या प्रदर्शनात हेन्री कॉटन या तरुणाने तिला पाहिले. दोन वर्षांनी तो फ्रेशवॉटरला येऊन तिला मागणी घालून गेला आणि १८६७ मध्ये त्यांचे लग्न झाले. ज्युलिया यांनी दोघांना एकत्र बसवून चित्रही काढले. हा हेन्री कॉटन पुढे भारतातील सनदी सेवेत मोठ्या पदांवर गेला, भारतीयांच्या बाजूने बोलला आणि १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाचा अध्यक्ष झाला.

शेवटची वर्षे कशी गेली?

१८७४ मध्ये टेनिसन यांनी आपल्या राजा आर्थरविषयीच्या काव्यांसाठी चित्रे काढायला सांगितले. ज्युलिया यांनी या एका कामासाठी दोनशेहून अधिक काचा खर्ची घातल्या. छापील पुस्तकात मात्र त्यांची चित्रे लाकडी ठशांवरून, लहान आकारात आली. नाराज होऊन त्यांनी स्वतःच मोठ्या आकाराच्या प्रिंट चिकटवलेली आवृत्ती काढली. त्यातली काही चित्रे आज नाटकी वाटतात: बादशाही पोशाख, कापडाच्या लाटा. त्यांची ताकद एका चेहऱ्यात होती, गर्दीत नव्हती. हेही शिकण्यासारखे.

दरम्यान सिलोनच्या कॉफीवर पानांचा तांबेरा रोग पसरला होता. इंग्लंडमधला खर्च झेपेना. म्हाताऱ्या चार्ल्सना मळ्यांची ओढ होती आणि मुले तिथेच होती. १८७५ मध्ये दाम्पत्य सिलोनला गेले. सोबत नेलेल्या सामानात दोन शवपेट्याही होत्या, असे कुटुंबात सांगितले जाई.

तिथे छायाचित्रण जवळजवळ थांबले. उष्ण, दमट हवेत ओल्या काचेचे काम कठीण, रसायने मिळवणे कठीण आणि चित्रे पाहणारा वर्तुळातला कुणीच जवळ नाही. मळ्यावरच्या मजुरांची आणि गावकऱ्यांची मोजकीच चित्रे उरली आहेत. १८७७ च्या सुरुवातीला वनस्पतींची चित्रे काढणाऱ्या मरियन नॉर्थ कळुतारा येथे त्यांच्याकडे राहिल्या, तेव्हा ज्युलिया यांनी उत्साहाने पुन्हा कॅमेरा बाहेर काढला. नॉर्थ यांच्या अंगावर शाली गुंडाळून, केस सोडून, नारळीच्या झावळ्यांपुढे त्यांना उभे केले. भर उन्हात, लोकरीच्या शालीत! नॉर्थ यांनी हा प्रसंग पुढे थोडा चेष्टेने लिहून ठेवला.

२६ जानेवारी १८७९ रोजी ज्युलिया यांचे सिलोनमध्ये निधन झाले. चार्ल्स पुढच्या वर्षी गेले. सुमारे ११ वर्षांच्या कामातली हजाराहून अधिक चित्रे आज ज्ञात आहेत.

मग त्यांची आठवण कशी टिकली?

बराच काळ ती घरातच टिकली. ज्या भाचीचा चेहरा त्यांनी अर्धा उजेडात, अर्धा सावलीत टिपला, त्या ज्युलिया जॅक्सन यांची मुलगी म्हणजे लेखिका व्हर्जिनिया वुल्फ. मावशीआजीला तिने कधी पाहिले नाही, जन्मच १८८२ चा. पण १९२६ मध्ये वुल्फ आणि समीक्षक रॉजर फ्राय यांनी त्यांच्या छायाचित्रांचे पुस्तक प्रस्तावनांसह काढले. वुल्फ यांची आई त्या तेरा वर्षांच्या असतानाच वारली होती. त्या पुस्तकातला एक चेहरा त्यांच्यासाठी आईचा होता, तिशीही न ओलांडलेला.